दार धरून ठेवण्याइतका वेळ

वर्ष संपत आले की शुभेच्छांची भाषा फार उदार होते. ज्यांना वर्षभरात साधे ‘कसे आहात’ एवढेही विचारलेले नसते, त्यांनाही आपण सुख, समाधान, आरोग्य आणि भरभराट असे सगळे एकदम देऊन टाकतो. त्यात खोटेपणा असतो असे मला वाटत नाही. लिहिताना ते मनापासूनच लिहिलेले असते. त्याच सुमारास आपण स्वतःकडूनही बरेच काही मागतो. पुढच्या वर्षी चिडायचे नाही, कुणाला तोडून बोलायचे नाही, समोरच्याचे पूर्ण ऐकून घ्यायचे, वेळच्या वेळी आभार मानायचे, अडल्यानडल्याला मदत करायची. ही यादी दर वर्षी थोड्याफार फरकाने तीच असते, आणि तिच्यातले प्रत्येक कलम स्वभावाविषयी असते. वर्षभर जी तुटक, रुक्ष, प्रसंगी उद्धट वागणूक आपल्याकडून झाली किंवा आपल्या वाट्याला आली, ती सगळी कुणाच्या ना कुणाच्या स्वभावातल्या उणिवेतून आली, असे आपण गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक मला अलीकडे पटेनासे झाले आहे. रोजच्या वागण्यातला बराचसा चांगुलपणा स्वभावापेक्षा त्या क्षणी माणसाच्या हाताशी किती मोकळा वेळ आहे यावर ठरतो, असे माझे मत होत चालले आहे. सुटीच्या दिवशी सकाळी शेजाऱ्याशी जिन्यात थांबून त्याच्या आईची चौकशी करणारा गृहस्थ आणि कामाच्या दिवशी त्याच जिन्यात त्याच शेजाऱ्याला न पाहिल्यासारखे करून उतरणारा गृहस्थ, हे दोघे एकच असतात. त्याचा स्वभाव दोन दिवसांत बदललेला नसतो. बदललेले असते ते त्याचे घड्याळाशी असलेले नाते.

या मताला आधार देणारा एक जुना प्रयोग आहे. तो मानसशास्त्राच्या वर्गांत पुष्कळदा सांगितला जातो, पण त्यातले बारकावे सांगताना अनेकदा गळतात, म्हणून तो येथे जरा सविस्तर सांगते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी त्यांनी निवडले. प्रत्येकाला सांगण्यात आले की दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण करायचे आहे. काहींना भाषणासाठी विषय दिला होता तो बायबलमधल्या एका कथेचा: रस्त्याच्या कडेला जखमी होऊन पडलेल्या वाटसरूला इतर सगळे ओलांडून जातात आणि एक परका माणूस थांबून मदत करतो, ती कथा. उरलेल्यांना साधा, नोकरीधंद्याविषयीचा विषय दिला होता. शिवाय निघताना काहींना सांगितले की तुम्हाला आधीच उशीर झाला आहे, लवकर जा. काहींना सांगितले की आता निघालात तर वेळेवर पोहोचाल. आणि काहींना सांगितले की अजून थोडा अवकाश आहे, पण निघायला हरकत नाही. दोन इमारतींच्या मधल्या वाटेवर एका दारापाशी एक माणूस मान खाली घालून, खोकत आणि कण्हत बसलेला होता. तो अर्थात प्रयोगकर्त्यांनीच बसवलेला होता.

ज्यांच्यापाशी अवकाश होता त्यांच्यापैकी ६३ टक्के लोकांनी त्या माणसाला कोणत्या ना कोणत्या प्रकारे मदत देऊ केली. जे वेळेवर होते त्यांच्यात हे प्रमाण ४५ टक्के होते, आणि ज्यांना उशीर झाला होता त्यांच्यात अवघे १० टक्के. भाषणाचा विषय कोणता आहे याने लक्षणीय फरक पडला नाही. परोपकाराच्या कथेवर बोलायला निघालेल्यांपैकी काही जण तर त्या कण्हणाऱ्या माणसाला अक्षरशः ओलांडून पुढे गेले.

ही गोष्ट सांगून झाली की ऐकणारा बहुधा हसतो, आणि धर्मोपदेशकांच्या दांभिकपणावर काहीतरी बोलतो. मला मात्र प्रयोगकर्त्यांनी स्वतः नोंदवलेली एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. घाईत पुढे निघून गेलेले अनेक विद्यार्थी दुसऱ्या इमारतीत पोहोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. म्हणजे त्यांना काहीच वाटले नव्हते असे नव्हे. इकडे पडलेला माणूस आणि तिकडे वाट पाहत असलेली माणसे अशा दोन्ही बाजूंनी ते ओढले गेले होते, आणि घाईने त्यांच्या वतीने निर्णय देऊन टाकला होता. ४० जणांवरच्या प्रयोगातून सगळ्या मानवजातीविषयी सिद्धांत मांडू नये, हे खरेच. पण रोजच्या जगण्यात जे दिसते त्याच्याशी हा निष्कर्ष इतका जुळतो की तो झटकून टाकता येत नाही.

लिफ्टचे दार बंद होत असते आणि कुणीतरी हातात पिशव्या घेऊन लगबगीने येताना दिसते. दार धरून ठेवायला चार-पाच सेकंद लागतात. चार-पाच सेकंदांनी कुणाचीही गाडी चुकत नाही, कुणाचीही नोकरी जात नाही, हे आतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही एखाद्याचा हात दार लवकर बंद करण्याच्या बटनाकडे जातो. घाईचे हे लक्षण लक्षात घेण्यासारखे आहे, कारण ती हिशेबाने चालत नाही. ती आधी नजर अरुंद करते. घाईत असलेल्या माणसाला समोरची माणसे माणसे म्हणून दिसतच नाहीत. ती त्याच्या वाटेतले अडथळे म्हणून दिसतात, आणि अडथळ्याशी सौजन्याने वागावे असे कुणालाच वाटत नाही.

त्यात आपण घाईला प्रतिष्ठाही देऊन ठेवली आहे. ‘सध्या फार बिझी आहे’ हे वाक्य तक्रारीच्या सुरात उच्चारले जाते, पण त्याखाली थोडा अभिमान असतो. सिल्व्हिया बेलेझा, नीरू पहारिया आणि अनत काइनान या तीन अभ्यासकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकी सहभागींनी सतत कामात असलेल्या व्यक्तीला निवांत व्यक्तीपेक्षा वरच्या दर्जाचे मानले. इटालियन सहभागींनी मात्र उलट कौल दिला, निवांत माणूसच त्यांना वरचढ वाटला. म्हणजे व्यग्रता ही मोठेपणाची खूण आहे हा काही निसर्गनियम नव्हे. ती एक समजूत आहे, आणि ज्या समाजात ती रुजते तेथे ज्याच्याकडे वेळ आहे तो काहीसा बिनकामाचा ठरतो. मग ज्याला थांबता येणे शक्य असते तोही थांबत नाही, कारण थांबलेला दिसणे कमीपणाचे असते.

घाईचा सर्वांत मोठा तोटा मला दारात किंवा रांगेत दिसत नाही, तो बोलण्यात दिसतो. दोन माणसे बोलत असताना एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांच्यामध्ये किती अंतर असते, हे तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या खंडांतल्या दहा भाषांमध्ये मोजले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की हो किंवा नाही असे उत्तर असलेल्या प्रश्नानंतरचे सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग इतके असते. भाषाभाषांत फरक होता. जपानी बोलणारे त्यांत सर्वांत तत्पर आणि डॅनिश बोलणारे सर्वांत सावकाश निघाले. पण हा फरकही सेकंदाच्या अंशांतलाच होता. आता दुसऱ्या बाजूने पाहिले तर एखाद्या साध्या चित्राकडे पाहून त्यातल्या वस्तूचे नाव उच्चारायला माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष आपोआप निघतो. समोरचा बोलत असतानाच आपले उत्तर मनात जुळू लागलेले असते. संभाषणाची घडणच तशी आहे, त्यात कुणाचा दोष नाही.

पण या घडणीमुळेच ऐकणे अवघड होते. आपले अर्धे मन कायम स्वतःच्या पुढच्या वाक्यापाशी गुंतलेले असते, आणि त्यात घाईची भर पडली की उरलेले अर्धेही तिकडेच जाते. मग समोरच्याचे वाक्य आपणच पूर्ण करतो, त्याने सांगायला घेतलेल्या अनुभवावर आपला तसलाच अनुभव ठेवून देतो, त्याने न मागितलेला सल्ला देऊन मोकळे होतो. हे सगळे सद्हेतूने चालते. आजारपणाविषयी, नोकरी गेल्याविषयी, मुलाच्या काळजीविषयी कुणी बोलू लागले की ऐकणाऱ्याला ती शांतता सोसवत नाही आणि तो ती ताबडतोब भरून काढतो. सांगणाऱ्याला जे सांगायचे असते ते पुष्कळदा पहिल्या वाक्यात नसतेच. ते तिसऱ्या-चौथ्या वाक्यात, काहीशा अडखळत, येणार असते. तोपर्यंत विषय बदललेला असतो.

याचा एक मोजलेला दाखला वैद्यकीय क्षेत्रातला आहे. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ साली डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील ७४ भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवून बोलणे आपल्याला हव्या त्या दिशेला नेत होते, आणि फक्त २३ टक्के भेटींमध्ये रुग्णाचे सुरुवातीचे म्हणणे पुरे होत होते. पुढे १९९९ मध्ये आणखी एक अभ्यास झाला. तेव्हा हा कालावधी २३ सेकंदांच्या आसपास भरला. फार काही सुधारले नव्हते. पण त्या दुसऱ्या अभ्यासातली एक नोंद मला विलक्षण वाटते. ज्या रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिले गेले त्यांनी आपले म्हणणे पुरे करायला, तोडल्या गेलेल्या रुग्णांपेक्षा सरासरी फक्त ६ सेकंद जास्त घेतले.

सहा सेकंद. म्हणजे आपण जो वेळ वाचवण्यासाठी माणसांना तोडतो, तो बहुतेक वेळा वाचवण्याजोगा नसतोच. बोलू दिले तर हा माणूस तासभर बोलत बसेल ही भीती काही जणांच्या बाबतीत खरी असते (असा एखादा नातेवाईक प्रत्येकाला असतो, आणि त्याच्याविषयी मी येथे काही लिहिणार नाही), पण बहुसंख्य माणसे आपले म्हणणे फार लांबवत नाहीत. पुन्हा पुन्हा तेच सांगणारा माणूस अनेकदा तो असतो ज्याचे पहिल्यांदा कुणी ऐकून घेतलेले नसते.

फोनविषयी इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपते. टेबलावर पालथा ठेवलेला फोनही बोलणाऱ्याला एवढे सांगतोच की तुझ्या बोलण्याला कधीही दुसरी मागणी आडवी येऊ शकते. मला अधिक त्रासदायक वाटते ती उत्तराची अपेक्षा. व्हॉट्सअ‍ॅपवर नोव्हेंबर २०१४ मध्ये मेसेज वाचला गेल्याच्या निळ्या खुणा दिसू लागल्या, आणि तोवर ज्या विलंबाला काहीच अर्थ नव्हता त्याला अचानक अर्थ चिकटला. वाचले, तरी उत्तर नाही. पूर्वी पत्राचे उत्तर आठ-पंधरा दिवसांनी आले तर ते वेळेवर आले असे मानत. आता दुपारी पाठवलेल्या मेसेजला रात्रीपर्यंत उत्तर नसेल तर माणूस मनात कारणे शोधू लागतो, आणि ती कारणे सहसा स्वतःला कमी लेखणारी असतात. येथेही दोन्हीकडे एकच गोष्ट घडत असते. एकाला सविस्तर लिहायला सवड नसते म्हणून तो नंतर लिहू म्हणून ठेवून देतो. दुसऱ्याला थांबायला सवड नसते म्हणून तो त्या ठेवून देण्याला अपमान समजतो. सविस्तर उत्तर देण्याच्या इच्छेपायी जितकी उत्तरे राहून जातात तितकी आळसापायी राहत नसावीत.

आता माझ्याच म्हणण्यावरचा आक्षेप मांडायला हवा, कारण तो भक्कम आहे. सवड असलेली सगळीच माणसे सौजन्याने वागतात का? मुळीच नाही. ज्यांना काहीच काम नाही अशा माणसांचा उर्मटपणा आपण पाहिलेला असतो, आणि उलट, एकामागून एक रुग्ण पाहणाऱ्या, क्षणाची उसंत नसलेल्या परिचारिकेने केलेली मृदू चौकशी रुग्णाला वर्षानुवर्षे आठवत राहते. तेव्हा मोकळा वेळ मिळाला की माणूस आपोआप चांगला होतो असे मला म्हणायचे नाही. पाणी घातले म्हणून दगडातून अंकुर फुटत नाही; पण बी असेल तेथे पाणी न घालता ते नुसते पडून राहते. माझा रोख या दुसऱ्या प्रकाराकडे आहे, आणि माझ्या मते आपल्यापैकी बहुतेक जण त्या दुसऱ्या प्रकारातच मोडतो.

शिवाय वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही. एकाच दिवसात दोन-तीन ठिकाणची कामे उरकणाऱ्या माणसाला थोडे लवकर निघत जा, शांतपणे बोलत जा असे सांगणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. ज्यांची नोकरीच दिवसभर हसतमुख राहण्याची आहे त्यांचा प्रश्न तर वेगळाच आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातील परिचारिकांच्या कामाचा अभ्यास मांडताना दाखवून दिले की चेहऱ्यावर आणि आवाजात ठरावीक भावना राखणे हेदेखील श्रम असतात, आणि त्या श्रमांची माणसाला किंमत मोजावी लागते. काउंटरपलीकडच्या व्यक्तीने हसून बोलले नाही म्हणून तिची तक्रार करणाऱ्या ग्राहकाला स्वतःच्या कपाळावरची आठी दिसत नसते. दोघांपैकी ज्याच्याकडे जास्त सवड आहे त्याने आधी सौजन्य दाखवावे, असा एखादा अलिखित नियम असता तर पुष्कळ भांडणे टळली असती.

अनोळखी माणसांविषयीही आपली समजूत जरा तपासून पाहण्यासारखी आहे. सार्वजनिक ठिकाणी आपण एकमेकांकडे क्षणभर पाहतो, समोरच्याची दखल घेतल्याचे तेवढ्यात जाणवू देतो आणि लगेच नजर वळवतो. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या वागण्याचे बारकाईने वर्णन केले आणि त्याला एक प्रकारची सभ्यताच मानले: मी तुला पाहिले, तुझ्यापासून मला भीती नाही, आणि तुझ्या खासगीपणात मी शिरत नाही. गर्दीत जगायचे तर हे हवेच. पण या वळवलेल्या नजरेचा अर्थ आपण पुढे जाऊन असा लावतो की या सगळ्यांना माझ्याशी काहीही देणेघेणे नाही. हा अर्थ बहुधा चुकीचा असतो.

स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवले आणि बसलेल्या प्रवाशांना, कोणतेही कारण न देता, आपली जागा देता का असे विचारायला सांगितले. सुमारे ६८ टक्के प्रवाशांनी उठून किंवा सरकून जागा दिली. विचारणाऱ्यांची अवस्था मात्र बिकट झाली. मिलग्रॅम यांनी स्वतः विचारून पाहिले तेव्हा शब्द घशातच अडकले असे त्यांनी सांगितले आहे. पुढे फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा बोन्स यांनी २००८ मध्ये दाखवले की मदत मागणाऱ्यांना जितके नकार येतील असे वाटते त्याहून ते बरेच कमी येतात. ठरावीक जणांचा होकार मिळवण्यासाठी जितक्यांना विचारावे लागेल असा त्यांचा अंदाज होता, त्याच्या साधारण निम्म्या लोकांना विचारूनच काम झाले. म्हणजे आपल्या आजूबाजूला न वापरलेली मदत पुष्कळ पडून आहे. ती मागायला आपण संकोचतो, आणि ती न मिळाल्याचा दोष समाजाला देतो.

या सगळ्याचा नव्या वर्षाशी काय संबंध, असे कुणी विचारील. १ जानेवारी या तारखेत मुळात काही पवित्र नाही. रोमच्या वार्षिक अधिकाऱ्यांनी, म्हणजे कॉन्सलांनी, पदभार घेण्याचा दिवस म्हणून ती इसवी सनापूर्वी १५३ मध्ये ठरली, आणि इंग्लंडमध्ये तर कायदेशीर वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू होत असे. कारभाराच्या सोयीसाठी ओढलेली ही रेघ आहे. पण रेघेचा उपयोग होतो, हेही खरे आहे. हेंगचेन डाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवून दिले की आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या आरंभी, एवढेच काय वाढदिवसानंतरही, माणसे व्यायामशाळेकडे आणि अशाच इतर निश्चयांकडे अधिक वळतात. जुना ‘मी’ रेघेच्या पलीकडे राहिला असे वाटले की नव्याने सुरुवात करण्याचे बळ येते. ती समजूत खोटी असेल, पण कामाची आहे.

ते बळ टिकत नाही हीच काय ती अडचण. जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८८ मध्ये नव्या वर्षाचे संकल्प करणाऱ्या २०० जणांचा मागोवा प्रसिद्ध केला, त्यात ७७ टक्के लोकांचा संकल्प एक आठवडा टिकला आणि १९ टक्क्यांचा दोन वर्षे. निराश व्हावे असा हा आकडा आहे असे लोक म्हणतात. मला तो तसा वाटत नाही. पाचातल्या एकाने दोन वर्षे एखादी गोष्ट धरून ठेवली, तर ते थोडे नव्हे. अलीकडचा, २०२० मधला, हजाराहून अधिक लोकांचा स्वीडिश अभ्यास तर असे सांगतो की एखादी गोष्ट करण्याचा संकल्प एखादी गोष्ट टाळण्याच्या संकल्पापेक्षा जास्त वेळा तडीस जातो. वर्षाअखेर आपण यशस्वी झालो असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ५९ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ४७ टक्के होते. चिडायचे नाही, तोडून बोलायचे नाही, उशीर करायचा नाही, या आपल्या नेहमीच्या यादीत नकारच जास्त का, हे यानंतर स्वतःला विचारावेसे वाटते.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक साधी गोष्ट सुचवली आहे: मनाशी नुसता हेतू धरण्याऐवजी अमुक घडेल तेव्हा मी अमुक करीन असे आधीच ठरवून ठेवावे. त्यामुळे ऐन वेळी विचार करावा लागत नाही. मला हे पटते, कारण घाईत विचार करता येत नाही हेच तर सगळ्या दुखण्याचे मूळ आहे. म्हणून यंदा मी स्वभाव बदलण्याच्या भानगडीत पडणार नाही. कुठेही जायचे असेल तेव्हा पोहोचायला लागणाऱ्या वेळात वाटेत कुणीतरी भेटण्याचा वेळ धरून निघेन. कुणी आपली अडचण सांगू लागेल तेव्हा त्याच्या वाक्यानंतर एक श्वास जाऊ देईन, मग तोंड उघडीन. वाक्य संपले नसेल तर तेवढ्यात ते पुढे सुरू होते. सविस्तर उत्तर द्यायला सवड नसेल तेव्हा ‘वाचले, दोन दिवसांत लिहिते’ एवढे तरी ताबडतोब कळवीन. रोज दिसणाऱ्या आणि ज्यांना केवळ कामावरून ओळखतो अशा माणसांची नावे विचारून घेईन. यात उदात्त असे काही नाही, आणि तेच मला बरे वाटते.

इतरांकडूनही काही अपेक्षा आहेत, मुख्यतः ज्यांच्या हातात दुसऱ्यांचे वेळापत्रक असते त्यांच्याकडून. एका बैठकीच्या समाप्तीला दुसरी बैठक चिकटवू नये. दिवसाच्या आखणीत थोडी फट ठेवावी, आणि ती फट म्हणजे वाया गेलेले मनुष्यबळ असे मानू नये. बैठकीला धावत पोहोचलेला माणूस पहिली दहा मिनिटे कुणाचेच ऐकत नसतो, हे त्याच्या वरिष्ठाला दिसत नसले तरी शेजारी बसलेल्याला दिसते. एखाद्या कार्यालयात लोक एकमेकांशी खेकसून बोलत असतील तर तेथे सौजन्यावर व्याख्यान ठेवण्याआधी कामाच्या तासांचा तक्ता एकदा उघडून पाहावा.

माझ्या यादीतले शेवटचे कलम आभाराचे आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटले की वाचणारा संकोचेल आणि त्याला आपले म्हणणे आधीच ठाऊक असेल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना त्यांच्या अंदाजाहून खूपच जास्त आश्चर्य आणि आनंद झाला, आणि संकोच अंदाजाहून कमी वाटला. लिहिणारा आपली भाषा नीट जमेल का याच्या काळजीत होता. वाचणाऱ्याचे लक्ष तिकडे फारसे नव्हते, त्याला त्यातली आपुलकी दिसत होती. हे वाचल्यापासून मी काही नावे लिहून ठेवली आहेत. पहिले नाव मला वाक्य खोडायला शिकवणाऱ्या एका शिक्षकांचे आहे. त्यांचा आताचा पत्ता माझ्याकडे नाही. तो ज्या वर्गमित्राकडे असण्याची शक्यता आहे त्याच्याशी बऱ्याच काळात बोलणे झालेले नाही, तेव्हा आधी त्याला फोन करावा लागेल, आणि तो त्याच्या घरची खबरबात सांगू लागला तर पत्त्यावर यायला बराच वेळ लागेल. त्यासाठी येत्या रविवारची सकाळ मोकळी ठेवली आहे.